नहरीवरच्या देवळातला सातवा बोल

उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, दुपारची भाकरी उरकून, आवडाबाई पंडागळे काखेत काळ्या कापडाची गुंडाळी घेऊन देवळाकडं निघाल्या. काम दरवर्षीचंच होतं. दुसरा दिवस येशूच्या मरणाचा, म्हणून खिडक्यांना काळे पडदे लावायचे, बाकांवरची धूळ झटकायची आणि पुलपिटाच्या पायऱ्या ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या. पुलपीट म्हणजे पाळकानं उपदेश करायला चढायचा लाकडी मनोरा. सात पायऱ्या, वर छातीएवढा कठडा, आणि दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा.

साल होतं एकोणीसशे पन्नास. पोलिस ॲक्शन होऊन दीड वर्ष झालं होतं. औरंगाबादेत खाम नदीच्या पलीकडं, छावणीच्या वाटेवर, जुन्या नहरीच्या अंगावरच हे दगडी चर्च उभं होतं. फरशीखालून नहरीचं पाणी वाहायचं, म्हणून सगळे त्याला नहरीवरचं देऊळ म्हणत. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं. साहेब लोक आत बाकांवर, आणि मराठी ख्रिस्ती मंडळी मागच्या ओसरीवर जमिनीवर, अशी तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. मराठीत प्रार्थना करायची तर बाहेर, चिंचेच्या झाडाखाली.

पलटण गेली, पाठोपाठ निजामाचं राज्य गेलं, आणि एके दिवशी देवळाच्या किल्ल्या या ओसरीवरच्या माणसांच्या हातात आल्या. पहिल्या रविवारी कितीतरी बाया उंबऱ्याशीच थबकल्या होत्या. पाय उचलेना. आवडाबाईंनीच एकेकीचा हात धरून त्यांना आत नेलं होतं.

पण तो आनंद चार महिनेसुद्धा टिकला नाही. गेल्या साली उत्तम शुक्रवारी काकासाहेब निर्मळ नावाचे जुने पाळक पुलपिटावर चढले. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना चालते. क्रुसावरून प्रभूनं काढलेले सात बोल, एकेक करून, त्यांवर उपदेश होतो. काकासाहेबांचे पाच बोल झाले, सहावाही झाला, आणि सातव्याला त्यांनी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. आवाज गेला. खाली उतरवलं तेव्हा अंग बर्फासारखं गार होतं. त्याला वर्ष होत आलं होतं. काकासाहेब अजून पाटीवर लिहूनच बोलत होते. काय झालं म्हणून विचारलं की पाटीवर काहीच लिहीत नसत, नुसती मान हलवत.

माणसं देवळात यायला कचरू लागली. शेवटी मंडळीच्या पंचांनी ठरवलं, यंदाची उपासना नीट पार पडली तर ठीक. नाही तर किल्ल्या परत करायच्या आणि पुन्हा चिंचेखाली बसायचं.

यंदाचा उपदेश आवडाबाईंच्या नवऱ्याचा होता. रेव्हरंड रामकिसन पंडागळे. लासूर स्टेशनच्या बाजारात ते लिंबाखाली उभे राहून बोलू लागले की व्यापारी तागडी खाली ठेवून ऐकत. हिंदू, मुसलमान, सगळे. आवाज असा की भोंगा नको, घंटा नको. आवडाबाई स्वतः मिशनच्या बायबलबाई. गावोगाव पायी फिरायचं आणि अक्षर न येणाऱ्या बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. त्यांचा आवाज कुणी कधी पुलपिटावरून ऐकला नव्हता. बाईनं तिथं चढायचं नसतं, हे त्यांनाही कधी खटकलं नव्हतं.

पडदे लावून झाले. देवळात काळपट उजेड भरला. आवडाबाई फडकं पिळून पुलपिटाच्या पायऱ्यांना लागल्या. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी... सागवान उन्हानं तापलेलं होतं. सहाव्या पायरीवर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकन मागं घेतला.

पायरी गार होती. माठाच्या बुडाला हात लागावा तशी.

आणि मग वास आला. ओल्या वाळ्याचा. उन्हाळ्यात साहेब लोक दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारवून घेत, त्याचा तो गोड, मातकट वास. एरवी त्या वासानं जीव सुखावला असता. पण देवळात वाळ्याचा पडदा लागून वर्षं लोटली होती. दारं सताड उघडी होती आणि त्यांतून फुफाटा आत येत होता. आवडाबाई तिथंच पायरीवर उभ्या राहिल्या. वास हळूहळू त्यांच्या भोवती फिरला, अगदी जवळ आला, आणि गेला.

फडकं तिथंच टाकून त्या घरी आल्या.

घरी ओट्यावर त्यांचे सासरे सांडूआबा बसले होते. पंच्याहत्तरीचं वय, दोन्ही डोळे गेलेले. सून अवेळी परतली हे त्यांना पावलांवरून कळलं.

"काय गं, झालं इतक्यात?"

"आबा, देवळात वाळ्याचा वास येतोय."

म्हाताऱ्याच्या हातातली काठी खाली पडली.

"सहाव्या पायरीवर आला व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बस हितं," आबा म्हणाले. "आजवर कुणाला सांगितलं नाय. रामकिसनलाबी नाय."

मग त्यांनी सांगितलं. सांडूआबा जवानीत त्या देवळात पंख्यावाले होते. छताला मोठा कापडी पंखा टांगलेला, त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर ओसरीवर आलेली, आणि आबा ओसरीवर बसून ती ओढत. त्या वेळी मोरलंड नावाचे पाद्री साहेब होते.

"लई नावाजलेला. सिकंदराबादेहून गोरे यायचे त्याला ऐकाया. त्यानंच हुकूम काढला व्हता, या भिंतींच्या आत देशी बोली बोलायची नाय. त्या साली पटकीची साथ व्हती. साहेब निम्मा मेल्यागत दिसत व्हता, तरी उत्तम शुक्रवारी चढला वर. सहा बोल झाले. सातव्याला श्वास घेतला... अन् धप्पकन आवाज. सहाव्या पायरीवर येऊन पडला."

"मेला?"

"जागीच. आत पळापळ झाली, गाडी आली, त्याला नेला. समदे गेले. पर मला कुणी थांब म्हटलं नाय. म्या दोरी वढतच व्हतो."

"आबा, देऊळ तर रिकामं झालं असंल..."

"रिकामं कुठं?" म्हाताऱ्याचा आवाज खोल गेला. "आतून ऐकू येत व्हतं. श्वास घ्यायचा... अन् 'फ्' म्हणायचा. पुन्यांदा श्वास... पुन्यांदा 'फ्'. त्याच्या फुडं जाईना. दिस बुडंस्तवर म्या ऐकत बसलो, अन् वढत बसलो."

"इतकी वर्सं गप का ऱ्हायला?"

"कुणाला सांगू? एवढ्या मोठ्या साहेबाचा बोल अडकला, हे पंख्यावाल्यानं सांगायचं व्हय?"

संध्याकाळी रामकिसन घरी आले तेव्हा आवडाबाईंनी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. मग पुन्हा जेवू लागले.

"अहो, उद्या नका चढू."

"चढलो नाय तर लोक पुन्हा चिंचेखाली."

"अन् काकासाहेबांसारखं झालं म्हंजे?"

रामकिसननी ओट्यावरच्या आपल्या बापाकडं पाहिलं. "त्या भिंतीच्या बाहेर दोरी वढण्यात माझ्या बापाची जवानी गेली," ते म्हणाले. "मला तिच्या आत बोलायचंय. आपल्या बोलीत बोलायचंय. फुडचं देव बघंल."

आवडाबाईंनी रिकामं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला देऊळ गच्च भरलं. करमाडहून बैलगाड्या आल्या होत्या, लासूरची माणसं सकाळच्या गाडीनं उतरली होती. काकासाहेब निर्मळ पाटी घेऊन पहिल्या बाकावर होते. सांडूआबांना आत बसा म्हणून सगळ्यांनी विनवलं, पण ते जुन्या सवयीनं ओसरीवरच भिंतीला टेकून बसले. आवडाबाई बायकांच्या बाजूला, पुलपिटाच्या अगदी पायथ्याशी होत्या. वेदीवर दोन मेणबत्त्या जळत होत्या. बाकी सगळा काळोखी उजेड.

रामकिसन चढले. पहिला बोल क्षमेचा. त्यांचा आवाज त्या दगडी छताला जाऊन भिडला आणि माणसांच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. या भिंतींनी असं मराठी कधी ऐकलंच नव्हतं. दुसरा बोल झाला, तिसरा झाला, चौथा झाला. बाया डोळे पुसत होत्या. मध्ये मध्ये भजनं होत होती.

पाचवा बोल तहानेचा. रामकिसन म्हणाले, "प्रभूला तहान लागली," आणि त्याच क्षणी फरशीखाली पाणी खळखळलं.

नहर कोरडी होती. फाल्गुनापासून तिला थेंब नव्हता.

मग वाळ्याचा वास आला. या खेपेला सगळ्यांना आला. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर माना वळत गेल्या. बाहेर वावटळ उठली असावी, कारण पडद्यांच्या फटींतून येणारा उजेडही मातकट झाला, विझत गेला. आणि मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला झुकल्या. सरळ झाल्या. दुसऱ्या बाजूला झुकल्या. पुन्हा सरळ. वाऱ्यानं ज्योत फडफडते. ही फडफडत नव्हती. वर कुणीतरी पंखा ओढत असावं, तशी संथ, तालात झुकत होती. छताला पंखा नव्हता. तो काढून टाकल्याला कैक वर्षं झाली होती. तरी तुळईच्या कडीचा आवाज येत होता... कुर्र... कुर्र...

रामकिसननी कठडा घट्ट धरला. कपाळावर घाम होता आणि तोंडातून, एप्रिलच्या त्या दुपारी, वाफ निघत होती. त्यांनी सहावा बोल उच्चारला. "सगळं पुरं झालं." त्यावर चार वाक्यं बोलले. मग सातव्यासाठी श्वास घेतला.

आणि थांबले.

ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. आवाज नव्हता. त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास ऐकू आला, लांब, घरघरता. सगळ्या देवळाला ऐकू गेला.

"फ्..."

मागच्या बाकावरची बाई किंचाळली. माणसं उठली, दाराकडं लोटली. कुणीतरी ओरडलं, "चला रे, किल्ल्या परत देऊन टाका! हे आपलं न्हवं!"

हे शब्द कानावर पडले आणि आवडाबाई ताडकन उभ्या राहिल्या. भीती होतीच. पण वर आपला माणूस गुदमरतोय आणि मागं आपली माणसं आपलंच देऊळ टाकून पळतायत, हे दोन्ही एकदम दिसल्यावर त्यांना भ्यायला सवड राहिली नाही. पदर खोचून त्या पायऱ्या चढल्या. सहाव्या पायरीवर गारवा पायांतून थेट काळजापर्यंत गेला. सातवी चढून त्या नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

श्वास त्यांच्या उजव्या कानाशी होता.

"फ्... फ्..."

इतक्या जवळून ऐकल्यावर त्यांना त्यातलं दुसरंच काही जाणवलं. आजाऱ्यांच्या उशाशी बसण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हा आवाज दरडावणाऱ्याचा नव्हता. हा अडकलेल्याचा होता. मरणाऱ्या माणसाला काही सांगायचं असतं आणि जीभ उचलत नाही, तसा. सातवा बोल कसा सुरू होतो? बापाला हाक मारून. साहेबांच्या बोलीत बापाला काय म्हणतात, तेवढं इंग्रजी आवडाबाईंनाच काय, छावणीतल्या शेंबड्या पोरालाही येत होतं.

"फादर म्हणायचंय व्हय, साहेब?" त्या हळूच म्हणाल्या.

कडीचा आवाज थांबला. दाराशी लोटलेली माणसंही थांबली.

"तो शब्द तुमच्याच्यानं निघंना. जाऊ द्या. आमचा घ्या." आवडाबाईंनी पदर नीट केला, आणि गावोगावच्या बायांना शिकवताना लावत तोच सूर लावला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "माझ्या मागं म्हणा. बापा..."

काहीच आलं नाही. नुसता श्वास.

"म्हणा साहेब. बापा..."

"बा..." आवाज आला. जाड, परका, जणू दगडाखालून. "बा... पा..."

दाराशी लोटलेली माणसं मागं वळली.

"माझा जीव..."

"माझा... जीव..."

"तुझ्या हाती..."

"टु..." आवाज अडखळला. "टु..." पुन्हा श्वास घरघरू लागला, ज्योती थरथरल्या.

"असू द्या, असू द्या," आवडाबाई म्हणाल्या. "त्याला समजतं. त्यो काय परीक्षा घेत नाय. म्हणा."

"टुझ्या... हाटी..."

"देतो."

आणि मग तो आवाज, ज्यानं या भिंतींच्या आत देशी बोलीला बंदी केली होती, स्वच्छ म्हणाला, "देतो."

एक उसासा सुटला. पुलपिटावरून निघून बाकांवरून, माणसांच्या डोक्यांवरून, ओसरीवरून बाहेर गेला. ज्योती सरळ झाल्या. फरशीखालचं पाणी गप्प झालं. पायाखालचं लाकूड हळूहळू कोमट होत असलेलं आवडाबाईंना तळव्यांना कळलं.

पहिल्या बाकावर काहीतरी खळ्ळकन फुटलं. काकासाहेबांच्या हातातली पाटी होती ती. म्हातारा उभा राहिला होता, आणि वर्षभर बंद असलेल्या गळ्यातून फाटका, घोगरा आवाज काढत होता. "बापा, माझा जीव तुझ्या हाती देतो." त्यांच्या मागून शेजारचा म्हणाला. मग सगळं देऊळ म्हणू लागलं.

रामकिसनच्या गळ्यातूनही शब्द फुटला, पण तो पहिल्यासारखा नव्हता. त्यांनी बायकोकडं पाहिलं, एक पायरी खाली उतरले, आणि कुजबुजले, "फुडं तूच बोल. लोक ऐकतायत."

आणि आवडाबाई बोलल्या. कागद नव्हता, तयारी नव्हती. "मंडळी," त्या म्हणाल्या, "जीव देणं म्हंजे जीव टाकणं न्हवं. दिवसभर रानात खेळलेलं लेकरू बापाच्या खांद्यावर मान टाकतं ना, तसं ते. मान टाकायला कुणाला लाज वाटती, कुणाला मोठेपणा आडवा येतो. तुम्ही-आम्ही भिंतीच्या बाहेर बसलो, अन् त्यो भिंतीच्या आत अडकला. दोघांच्याबी मधी एकच भिंत व्हती. आज ती ऱ्हायली नाय." अर्धा तास त्या बोलत होत्या. खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही.

तीन वाजले. कुणीतरी काळे पडदे ओढून काढले, दारं सताड उघडली, आणि धुतल्यासारखं ऊन थेट वेदीपर्यंत आलं. त्या उन्हात, ओसरीवरून उठून, बाक चाचपत चाचपत सांडूआबा आत येत होते. कुणी हात द्यायला गेलं तर त्यांनी झिडकारला. सगळ्यांत पुढच्या, साहेबांच्या बाकावर ते जाऊन बसले, पाय पसरले, आणि म्हणाले, "पंखा न्हाय, तरी किती गार वाटतंय." सगळं देऊळ हसलं. हसता हसता रडलं. किल्ल्या परत देण्याचं पुन्हा कुणी कधी नाव काढलं नाही.

रामकिसनचा बाजार थांबवणारा आवाज परत आला नाही. त्यांना त्याची खंत दिसली नाही. ते शास्त्र वाचत आणि उपदेश आवडाबाई करत. पुढं एकोणीस वर्षं, दर उत्तम शुक्रवारी, सातवा बोल त्यांचा. पैठणहून एस.टी. भरून माणसं येत. ओसरी पुरेना तेव्हा तिचा दगडी कठडा पाडून देऊळ वाढवलं. त्या देवळाचा इतिहास कुणाला विचारा, पलटणीचं नाव नंतर येतं, पंडागळे बाईंचं आधी.

शेवटचा उपदेश करून त्या उतरल्या त्या दिवशी त्यांची सून आशाबाई त्यांना हात धरून घरी नेत होती. वाटेत तिनं सहज विचारलं, "आत्याबाई, एवढी वर्सं बघते. पुलपिटावर तुम्ही कायम उजव्या कठड्याला अंग चोरून का उभ्या ऱ्हाता?"

आवडाबाई चालता चालता थांबल्या.

"साहेब उजवीकडं व्हता," त्या म्हणाल्या. "त्यो त्याच दिवशी गेला. त्याचं मला काय नाय." मग आवाज खाली आला. "पर त्या दिवशी म्या जो शब्द म्हणायची ना, त्यो माझ्या आधी डाव्या कानाशी कुणीतरी म्हणायचं. आपल्याच बोलीत. बाईमाणसाच्या आवाजात. त्ये सांगंल तेवढंच म्या बोलले... अन् एकोणीस वर्सं तेच बोलतीय."

आशाबाई जवळ सरकल्या. "कोण व्हतं ते?"

"त्ये मी इचारलं नाय कधी," आवडाबाई म्हणाल्या आणि मागं वळून देवळाच्या उघड्या दाराकडं बघत राहिल्या. "डावीकडं त्येला जागा तेवढी ठिवत आले. आज म्या उतरले... ते नाय उतरलं."